झुपकेदार लोकरीची टोपी आणि मफलर क्रोशाने कसे विणावे

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली की नाशिककरांच्या कपाटांतून मफलर आणि कानटोप्या बाहेर निघतात. इथली थंडी मात्र पहाटेची आणि रात्रीची असते. दुपारी ऊन चांगलेच तापते आणि सकाळी घातलेले गरम कपडे पिशवीत जातात. झुपकेदार लोकरीचे काही विणायचे असेल, तर ते ऊबदार असण्याबरोबरच हलके आणि सहज घडी होणारे असावे, हे त्यामुळे आरंभीच ठरवून घ्यावे. संपूर्ण टोपी आणि संपूर्ण मफलर या लोकरीचाच करण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु माझ्या मते बांधणी साध्या, गुळगुळीत लोकरीची असावी आणि झुपकेदार लोकरीने फक्त तिच्यावर साज चढवावा. पुढची बहुतेक कृती याच धोरणाने सांगितली आहे.

बाजारात झुपकेदार म्हणून जी लोकर मिळते, तिचे साधारण दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मध्ये एक बारीक दोरा असतो आणि त्याला पापण्यांसारखे लांब, विरळ केस असतात. ही आयलॅश लोकर एकटी विणली तर कापड लेचेपेचे होते, म्हणून ती साध्या लोकरीबरोबर जोडीने विणावी. दुसऱ्या प्रकारात मधला दोरा जाड असतो आणि केस आखूड पण दाट असतात. हिला फर लोकर म्हणतात व ती एकटीही विणता येते. दोन्ही बहुधा पॉलिस्टरच्या असतात. पॉलिस्टर ओलावा फारसा शोषून घेत नाही, त्यामुळे ऊब केसांमध्ये अडकलेल्या हवेतूनच मिळते. टाके फार आवळून विणले तर ही हवाही जाते आणि टोपी जड व ताठ होते.

दुकानात गुंडी निवडताना वजनापेक्षा वेष्टनावरील मीटरचा आकडा पाहावा, कारण १०० ग्रॅमच्या दोन वेगवेगळ्या गुंड्यांमध्ये लोकरीची लांबी एकमेकींच्या दुप्पटही असू शकते. रंगाचा लॉट क्रमांक सर्व गुंड्यांवर सारखा असावा. पहिल्यांदाच हा प्रयोग करणाऱ्याने काळा, गडद निळा किंवा मरून रंग घेऊ नये. केसांखाली टाके आधीच दिसत नाहीत, त्यात रंग गडद असेल तर दिवसाच्या उजेडातही काही सुधरत नाही. बदामी, फिकट राखाडी किंवा मोरपिशी अशा रंगांत निदान मधला दोरा तरी ओळखता येतो. त्याच रंगाच्या जवळची साधी जाड लोकर, ९ मिलिमीटर आणि ७ मिलिमीटरच्या क्रोशाच्या दोन गुळगुळीत सुया, बोथट टोकाची मोठी सुई, मोजपट्टी आणि विरुद्ध रंगाचा एक सुती दोरा एवढे साहित्य टोपीला पुरते.

टाकेही मोजकेच लागतात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब एवढे येत असेल तर नवे काही शिकायला नको. नक्षीचे टाके या लोकरीत विणणे म्हणजे श्रम वाया घालवणे आहे, कारण ते कोणालाच दिसणार नाहीत.

नवी सवय लावावी लागते ती बोटांनी पाहण्याची. एरवी आपण आधीच्या ओळीच्या टाक्याचे वरचे दोन फासे डोळ्यांनी शोधून त्यांखालून सुई घालतो. येथे ते फासे केसांत बुडालेले असतात, म्हणून दोन खांबांच्या मधल्या फटीतून सुई घालावी. डाव्या हाताचा अंगठा पुढे आणि मधले बोट मागे ठेवून कापडाची वरची कड हलकेच चिमटीत धरली आणि ती चिमटी उजवीकडून डावीकडे सरकवली, की प्रत्येक टाका छोट्या गाठीसारखा लागतो आणि दोन गाठींच्या मध्ये बोट किंचित आत जाते. सुईची जागा तीच. चार-पाच ओळी झाल्या की हा अंदाज बसतो. सुई घालण्यापूर्वी आधीच्या ओळीचे केस अंगठ्याने खाली दाबून धरावेत, म्हणजे ते नव्या टाक्यात कमी अडकतात.

टोपीला हात घालण्यापूर्वी विणीचा एक नमुना विणणे टाळू नये. साधी आणि झुपकेदार लोकर जोडीने धरून ९ मिलिमीटरच्या सुईने १२ मुके खांब रुंद व १० ओळी उंच असा तुकडा विणावा आणि मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते बोटांनी मोजावे. समजा ८ टाके बसले आणि एका ओळीची उंची १.२ सेंटिमीटर भरली. प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर असतो आणि टोपी डोक्याला धरून राहावी म्हणून तिचा घेर त्याहून ३ ते ५ सेंटिमीटर कमी ठेवतात. ५६ सेंटिमीटरच्या डोक्यासाठी ५२ सेंटिमीटरची टोपी धरली, तर ५२ ला १० ने भागून ८ ने गुणावे, उत्तर ४१.६ येते, म्हणजे ४२ टाके. मुक्या खांबांचा सपाट गोल प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवून होतो आणि ४२ ही संख्या ६ च्या पाढ्यातच आहे, त्यामुळे हिशेब सोपा झाला.

सुरुवात केवळ साध्या लोकरीने, तिचे दोन पदर धरून करावी, कारण झुपकेदार लोकरीने मधले कडे घट्ट ओढून घेता येत नाही. ४ साखळ्यांचे कडे करून त्यात ६ मुके खांब विणावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन, म्हणजे १२. येथे एक पदर सोडून त्याच्या जागी झुपकेदार लोकर घ्यावी. तिसऱ्या फेरीत एक सोडून एका टाक्यात वाढ, म्हणजे १८. चौथ्या फेरीत दोन साध्या टाक्यांनंतर वाढ, म्हणजे २४. याच रीतीने पुढे ३०, ३६ आणि सातव्या फेरीत ४२. सात फेऱ्यांनी गोलाचा व्यास साधारण १७ सेंटिमीटर भरतो आणि ५२ सेंटिमीटरच्या घेराला तेवढाच लागतो. त्यानंतर वाढ न करता ११ फेऱ्या विणाव्यात. मध्यापासून खालपर्यंतची उंची साडेएकवीस सेंटिमीटरच्या आसपास येते व ती कानाच्या वरच्या टोकापर्यंत व्यवस्थित पोहोचते.

फेरी कोठे संपली हे ओळखण्यासाठी प्लास्टिकच्या खुणा किंवा सेफ्टी पिना वापरू नयेत. त्या केसांत हरवतात आणि काढताना लोकर ओढली जाते. विरुद्ध रंगाचा सुती दोरा फेरीच्या शेवटच्या आणि पहिल्या टाक्याच्या मध्ये एकदा पुढून मागे, पुढच्या फेरीला मागून पुढे असा टाकत न्यावा. शेवटी तो एका झटक्यात ओढून निघतो. प्रत्येक फेरी झाली की टाके चिमटीने मोजावेत आणि कागदावर एक रेघ मारावी. एखादा टाका कमी-जास्त भरला तर उसवण्याच्या भानगडीत पडू नये. पुढच्या फेरीत तो वाढवावा किंवा दोन टाक्यांचा एक करावा. साध्या लोकरीत ही लबाडी लगेच उघडी पडली असती, येथे तिचा पत्ताही लागत नाही.

उसवणे खरोखरच आवश्यक झाले तर मात्र सावकाशीने काम घ्यावे. एका टाक्याचे केस शेजारच्या टाक्याने धरून ठेवलेले असतात, म्हणून दोरा सरळ ओढला की गाठ बसते. एकेक टाका सुईच्या टोकाने सैल करावा, अडकलेला केस लहान कात्रीने छाटावा आणि मधला दोरा कापला जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

विणताना जी बाजू आपल्याकडे असते, तिच्यापेक्षा पलीकडच्या बाजूला केस अधिक निघतात. म्हणून टोपी पूर्ण झाल्यावर ती उलटी करावी आणि जास्त केसाळ बाजू बाहेर घ्यावी. खालची कड मात्र साध्या लोकरीचीच ठेवावी: दोन पदर घेऊन ७ मिलिमीटरच्या सुईने अर्ध्या खांबांच्या तीन फेऱ्या विणल्या, की कपाळाला केस टोचत नाहीत, डोळ्यांवर येत नाहीत आणि टोपी सैल पडत नाही. तेल लावलेल्या केसांवर रोज टोपी घालणाऱ्यांच्या घरात आतून मऊ सुती कापडाचे अस्तर टाचून घेणे सोयीचे पडते, कारण ते तेवढे काढून धुता येते.

घरातील ज्येष्ठ मंडळींना कान झाकल्याशिवाय टोपी घातल्याचे समाधान मिळत नाही. त्यांच्यासाठी कडेऐवजी कानपट्ट्या विणाव्यात. ४२ टाक्यांची वाटणी मागे १०, एका कानाला ९, पुढे १४ आणि दुसऱ्या कानाला ९ अशी करावी. ९ टाक्यांवर साध्या लोकरीने मुके खांब विणत दर दुसऱ्या ओळीला दोन्ही टोकांकडून एकेक टाका कमी करावा. ९, ९, ७, ७, ५, ५, ३ अशा सात ओळींत पट्टी तयार होते. खाली बांधायला साखळीची नाडी ओवावी. लहान मुलांच्या टोपीला नाडी लावू नये, आणि हाती येईल ते तोंडात घालणाऱ्या तान्ह्या बाळाला झुपकेदार लोकरीची टोपी घालूच नये.

मफलरच्या बाबतीत मी फर लोकरीचा जाड पट्टा सुचवणार नाही. तो दिसतो छान, परंतु दुपारी पिशवीत मावत नाही. त्याऐवजी साध्या लोकरीची जाळी विणून तिच्यात आयलॅश लोकर ओवावी. यासाठी मध्यम जाडीची लोकर एकपदरी घ्यावी आणि ५ मिलिमीटरची सुई वापरावी. २८ साखळ्या घालून सुईपासून सहाव्या साखळीत एक खांब, मग एक साखळी, एक सोडून पुढच्या साखळीत खांब, असे ओळ संपेपर्यंत करावे; १२ चौकोनी घरे तयार होतात. पुढच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी ४ साखळ्या घालाव्यात, खांबावर खांब आणि घरावर एक साखळी ठेवावी आणि शेवटचा खांब आधीच्या ओळीच्या वळणाच्या तिसऱ्या साखळीत घालण्यास विसरू नये, नाहीतर मफलर ओळीगणिक निमुळता होत जातो. दर ओळीला १२ घरे मोजणे सोपे असते, कारण ही लोकर साधी आहे आणि सर्व काही डोळ्यांना दिसते. लांबी १५० सेंटिमीटर झाली की जाळी थांबवावी. मुलांसाठी ९० ते १०० सेंटिमीटर पुरतात.

आता आयलॅश लोकरीचे मफलरपेक्षा ३० सेंटिमीटर लांब तुकडे कापून घ्यावेत. बोथट सुईत एक तुकडा ओवून घरांच्या पहिल्या उभ्या रांगेतून एका घरात वर, पुढच्या घरात खाली असे टोकापर्यंत जावे. शेजारच्या रांगेत याच्या उलट, म्हणजे जेथे आधी वर होते तेथे खाली. तुकडा ओढून घट्ट करू नये. थोडा वेळ मफलर सपाट पसरून हाताने सारखा करत गेले तर कड आखडत नाही. दोन्ही टोकांना उरलेल्या लोकरीची शेजारच्या तुकड्याशी गाठ मारली की गोंडे आपोआप होतात. केस हवे तितके दाट दिसण्यासाठी प्रत्येक रांगेत दोन तुकडे ओवावेत, किंवा फक्त दोन्ही काठांच्या तीन-तीन रांगा ओवून मधला भाग मोकळा ठेवावा; मला हा दुसरा प्रकार अधिक देखणा वाटतो, शिवाय लोकरही निम्म्याने वाचते.

टोपीला किती लोकर लागेल याचा अंदाज नमुन्यावरूनच काढता येतो. दहा टाक्यांना लागणारा दोरा मोजावा; तो ६० सेंटिमीटर भरला असे समजू. वरच्या हिशेबाने पहिल्या सात फेऱ्यांत १६८ आणि पुढच्या अकरा फेऱ्यांत ४६२, असे एकूण ६३० टाके होतात, म्हणजे सुमारे ३८ मीटर. त्यात पाच-सहा मीटर जास्तीचे धरावेत आणि साध्या लोकरीत सुरुवातीचा जादा पदर व कड वेगळी मोजावी.

वापराबाबत दोन सूचना आवश्यक आहेत. दुचाकीवर जाताना मफलरची टोके जॅकेटच्या आत खोचावीत, कारण लांब गोंडा चाकात किंवा साखळीत अडकू शकतो. रोज दुचाकीवर असणाऱ्यांनी मफलरऐवजी दोन्ही टोके शिवून घेतलेला गळपट्टा करावा. हेल्मेटखाली झुपकेदार टोपी घालू नये, तिच्यामुळे हेल्मेट डोक्यावर घट्ट बसत नाही. दुसरी सूचना आगीची. पॉलिस्टर ज्योतीजवळ वितळून त्वचेला चिकटते. द्राक्षबागेत थंडीच्या रात्री शेकोट्या पेटवून जागणाऱ्यांसाठी किंवा अंगणातल्या शेकोटीजवळ बसणाऱ्यांसाठी ही टोपी विणू नये. त्यांना खऱ्या मेंढीच्या लोकरीची साधी टोपी द्यावी, कारण ती सहजी पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच.

धुताना कोमट पाण्यात सौम्य द्रव साबण घालून टोपी पाच-दहा मिनिटे भिजवावी, हलकेच दाबावी आणि पिळू नये. जाड पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे व सावलीत सपाट वाळत घालावे. दोरीवर टांगल्यास ओल्या वजनाने ती लांबते. किंचित दमट असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने केस वरवर मोकळे करावेत आणि टाक्यांत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर ओढावेत. इस्त्री अजिबात फिरवू नये. होळीनंतर टोपी आणि मफलर कपाटात ठेवताना पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिकला कसर लागण्याची भीती नसते, त्यामुळे डांबराच्या गोळ्या लागत नाहीत. फक्त वर जड कपड्यांचा ढीग ठेवू नये, म्हणजे केस दबून बसत नाहीत.