ॲक्वेरियमच्या दुकानाला वेबसाइट हवी का? आधी ठरवा, मग बनवा

शोभेच्या माशांच्या दुकानात विचारले जाणारे प्रश्न फिरून फिरून चारच असतात. दुकान उघडं आहे का? अमुक मासा आलाय का? माझ्या टाकीत तो चालेल का? आणि परवा नेलेला मासा तळाशी पडून आहे, काय करू? पहिल्या प्रश्नाला गूगल मॅप्सवरची नोंद पुरते. दुसऱ्याचं उत्तर वेबसाइटवर कधीच ताजं राहत नाही. तिसऱ्या आणि चौथ्यासाठी मात्र वेबसाइटसारखं साधन नाही. गंमत अशी की बहुतेक दुकानदार वेबसाइट काढतात ती नेमकी दुसऱ्या प्रश्नासाठी, आणि थोड्याच महिन्यांत तिच्यावर केव्हाच विकल्या गेलेल्या माशांची यादी तेवढी उरते.

१. पंधरा दिवस प्रश्नांची नोंद ठेवा

गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि वरच्या चार प्रश्नांचे चार रकाने आखा. फोन, मेसेज, प्रत्यक्ष चौकशी, जे येईल त्याची योग्य रकान्यात एक रेघ ओढा. पंधरा दिवसांनी बेरीज करा.

पहिले दोन रकाने भरले आणि उरलेले जवळपास रिकामे राहिले, तर वेबसाइटवर पैसे घालू नका. पायरी २ आणि ३ एवढंच करा. तिसरा-चौथा रकाना जड असेल तर साइट कामाला येईल. याला एक अपवाद आहे. तुम्ही मापाप्रमाणे टाक्या बनवत असाल, कार्यालयांत टाक्या बसवून त्यांची महिन्याची देखभाल करत असाल किंवा समुद्री टाक्यांचं काम घेत असाल, तर वहीत काहीही निघो, साइट हवीच. असं काम देणारा माणूस चार जणांची तुलना करतो आणि आधी केलेली कामं एका जागी बघायला मागतो.

२. नकाशावरची नोंद नीट करा

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची दुकानाची नोंद, फुकट आहे, पण अर्धवट भरलेली नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट. दुकानाचं नाव पाटीवर आहे तसंच लिहा. 'स्वस्त मासे, टाकी, फिल्टर' असले शब्द नावाला जोडणं गूगलच्या नियमांत बसत नाही आणि त्यापायी नोंद निलंबित होऊ शकते. दुकानाचा प्रकार निवडताना नुसतं 'पेट स्टोअर' न घेता माशांच्या दुकानाचा प्रकार शोधा. सुट्टीच्या दिवशी नेहमीची वेळ बदलत बसू नका, त्यासाठी 'विशेष तास' ही वेगळी सोय आहे. नकाशावरची खूण दाराशी आहे ना, हे एकदा स्वतः चालत जाऊन तपासा. रस्त्यावरून दुकान कसं दिसतं याचा एक फोटो हवाच.

'मासा दोन दिवसांत मेला' हा शेरा प्रत्येक दुकानाला कधी ना कधी मिळतो. तिथे वाद घालू नका आणि गिऱ्हाइकाची चूक चारचौघांत काढू नका. टाकी किती लिटरची आहे, किती दिवसांपूर्वी लावली, एका वेळी किती मासे सोडले, एवढं विचारा आणि टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन यायला सांगा, अमोनिया व नायट्राइट ही पाण्यात साठणारी विषं तपासून देतो म्हणून. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी असतं.

३. नवा माल साइटवर नको, चॅनलवर टाका

टाक्यांमधला माल रोज बदलतो. सकाळी वीस असलेले कार्डिनल टेट्रा संध्याकाळी चार उरतात, आणि हा आकडा साइटवर बदलायला कोणाला सवड नसते. म्हणून नवा माल व्हॉट्सॲप चॅनल किंवा इन्स्टाग्रामवर दाखवा आणि प्रत्येक फोटोवर तारीख लिहा. साइटवर फक्त 'नवा माल इथे बघा' अशी लिंक द्या. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. स्टेटस तर २४ तासांत जातं.

नव्या माशांच्या पिशव्या उघडल्या त्याच दिवशी जाहिरात करायची नाही. प्रवासाने मासा फिका पडलेला असतो, फोटोही वाईट येतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आत असला तर तो दिसायला काही दिवस जातात. वेगळ्या टाकीत किमान आठवडाभर, जमल्यास दोन आठवडे ठेवून मग फोटो टाका. चौथ्या रकान्यातल्या रेघाही कमी होतील.

आणखी एक मेख आहे. फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या व्यापार धोरणांत जिवंत प्राण्यांच्या विक्रीला बंदी आहे. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये फिल्टर, हीटर, खाद्य, दगड, लाकूड ठेवा. तिथे मासे टाकले तर ती वस्तू नाकारली जाते आणि वारंवार झालं तर खातंही अडचणीत येतं.

४. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या

साइट कोणीही बनवो, डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या नावावर नोंदलेलं पाहिजे. बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन आणि तोच फोन उचलत नाही, ही छोट्या दुकानांची नेहमीची रड. नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय चालू ठेवा, कारण मुदत संपून सुटलेलं नाव दुसरा कोणीही उचलू शकतो.

दुसऱ्याच्या फुकट जागेवर सगळा डोलारा उभारू नका. बिझनेस प्रोफाइलमधूनच छोटी वेबसाइट बनवून देण्याची गूगलची सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर चाललेल्या साइट गेल्या. स्वतःचं डोमेन असेल तर साइट दुसरीकडे हलवता येते आणि पत्ता तोच राहतो.

५. पाच पानं पुरतात

पहिल्या पानावर वेळ, पत्ता, नकाशा आणि फोन. नंबर मजकूर म्हणून लिहा, चित्रात नको. दाबताच फोन लागला पाहिजे. नाव, पत्ता आणि नंबर नकाशावरच्या नोंदीशी तंतोतंत जुळू द्या. दुसऱ्या पानावर सेवा आणि केलेल्या कामांचे फोटो, प्रत्येकाखाली टाकीचं माप. तिसऱ्यावर परतीचे नियम: मासा किती तासांत मेला तर बदलून मिळेल आणि सोबत काय आणायचं. पाण्याचा नमुना मागाच. खरी मेहनत उरलेल्या दोन पानांवर करायची.

*मासा घरी नेल्यावर.* हे पान असं लिहा की गिऱ्हाइकाने टाकीसमोर उभं राहून मोबाइलवर वाचत वाचत काम करावं. टाकीचा दिवा बंद करा. बंद पिशवी १५ ते २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. पिशवी उघडा, तिच्यातल्या पाण्याच्या साधारण चौथा हिस्सा टाकीतलं पाणी घाला, पाच मिनिटं थांबा, असं तीन-चार वेळा करा. मासा जाळीने टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी ओतून टाका. पहिल्या दिवशी खायला घालू नका.

हे तास-दोन तासांच्या प्रवासासाठी. रात्रभर बंद राहिलेल्या पिशवीचं गणित वेगळं असतं आणि ते पानावर वेगळं लिहा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच (पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) उतरतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळतो. अशा वेळी बंद पिशवीचं तापमान जुळवून, उघडल्यावर वेळ न काढता मासा बाहेर काढायचा.

त्याच पानावर नव्या टाकीबद्दल दोन परिच्छेद हवेत. माशांपासून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. काल लावलेल्या टाकीत आज दहा मासे सोडले की ते का मरतात, हे यात आलं. नळाचं पाणी हवा सोडत २४ तास ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तसं जात नाही. त्याला डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन मारणारं द्रावण, लागतंच.

शेवटी तुमच्या दुकानातल्या पाण्याचे आकडे द्या: पीएच, कठीणपणा (क्षारांचं प्रमाण), तापमान, मीठ घालत असाल तर किती. आपल्या आणि दुकानाच्या पाण्यात फरक किती, हे गिऱ्हाइकाला यावरून कळतं. सगळ्या साइटवरचा सर्वांत उपयोगी मजकूर हाच, आणि तो इंटरनेटवर दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

*नेहमी मिळणारे मासे.* तुमच्याकडे बारमाही असतात असे पंधरा-वीसच घ्या. प्रत्येकाचं दुकानातलं नाव, शास्त्रीय नाव, पूर्ण वाढीची लांबी, किमान किती एकत्र ठेवायचे, टाकी किमान किती लिटर, तापमान आणि कोणाशी पटत नाही. लांबी पूर्ण वाढीचीच लिहा. बोटाएवढा विकला जाणारा साधा प्लेको ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, ऑस्करही ३० सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतो. निऑन टेट्रा चारेक सेंटिमीटरच राहतो, पण सहापेक्षा कमी असले की बिचकून कोपऱ्यात बसतो.

शास्त्रीय नाव शोभेसाठी नाही. 'ॲल्गी ईटर' (शेवाळ खाणारा) म्हणून दोन अगदी वेगळे मासे विकले जातात. सयामीज, म्हणजे क्रॉसोकायलस वंशातला, बऱ्यापैकी शांत असतो. चायनीज, म्हणजे जायरिनोकायलस, मोठा झाल्यावर शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगाला चिकटू लागतो. नुसत्या बाजारी नावावर नेलेला मासा मग तक्रार होऊन परत येतो.

यादीत संरक्षित प्रजाती असतील तर जपून. एशियन अरोवाना सायटिस, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वांत कडक अशा परिशिष्ट १ मध्ये आहे. समुद्रघोडे आणि कठीण सांगाड्याचे प्रवाळ परिशिष्ट २ मध्ये. कागदपत्रं हातात नसताना त्यांचा फोटो किंमतीसह टाकणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा छापणं.

६. फोटो काढताना

दुकानातले दिवे बंद करा, फक्त टाकीचा दिवा ठेवा. काच आतून-बाहेरून पुसा आणि आतले कण बसेपर्यंत थांबा. मोबाइलची लेन्स काचेला टेकवून समोरून धरा. तिरकी धरली की जाड काचेतून मासा फाटल्यासारखा दिसतो. समोरून फ्लॅश मारू नका. मागे काळा कागद लावला तर रंग उठून दिसतात. समुद्री टाकीच्या निळ्या दिव्याखाली सगळं जांभळट येतं, म्हणून फोटोपुरता पांढरा प्रकाश वाढवा किंवा लेन्सवर नारिंगी फिल्टर लावा. दुसऱ्याचे फोटो उचलू नका. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय गिऱ्हाईक तोच मासा मागत येतं. अपलोड करण्याआधी रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा आणि प्रत्येक फोटो २०० केबीच्या आत बसवा. कॅमेऱ्यातून निघालेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले की मोबाइलवर पान उघडता उघडत नाही.

७. क्यूआर कोड पिशवीवर नको, बिलावर लावा

'मासा घरी नेल्यावर' या पानाचा क्यूआर कोड बनवा. पिशवी ओली आणि गोलाकार असते, त्यावर कोड नीट वाचला जात नाही. बिलावर किंवा पिशवीभोवती गुंडाळायच्या कागदावर छापा, किमान २ सेंटिमीटरचा, भोवती पांढरी जागा सोडून. कोडमध्ये तुमच्या पानाचा थेट पत्ता घाला. मधल्या सेवेमार्फत बनवलेले 'डायनॅमिक' कोड वर्गणी संपली की बंद पडू शकतात, आणि तोवर हजार बिलं छापून झालेली असतात.

८. ऑनलाइन विक्री

सुरुवातीला फक्त सुका माल, तोही 'ऑनलाइन नोंदवा, दुकानातून न्या' या पद्धतीने. जिवंत मासे पाठवणं हा वेगळाच धंदा आहे: पाठवण्याआधी एक-दोन दिवस उपाशी ठेवणं, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी ऑक्सिजन, थर्माकोलची पेटी, थंडीत उष्णतेची पाकिटं, आणि मेलेला पोहोचला तर भरपाई कोणाची हे आधीच लिहून ठेवणं. पैसे घेणारी सेवा आणि कुरियर, दोघांच्या अटींत जिवंत प्राणी चालतात का हे साइट बनवण्याआधी वाचा.

९. महिन्याला अर्धा तास

महिन्यातून एकदा अनोळखी मोबाइलवरून साइट उघडा, फोन लावून बघा, वेळ तपासा, पाण्याचे आकडे पुन्हा मोजून घाला आणि त्याखाली तारीख बदला. वर्षाने ती वही पुन्हा पंधरा दिवस चालवा. तिसऱ्या-चौथ्या रकान्यात तेवढ्याच रेघा येत असतील तर साइट कोणी वाचत नाही, किंवा बिल देताना कोड दाखवलाच जात नाही. बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं. तेव्हा साइटला हात लावण्याआधी गल्ल्यावरच्या माणसाला सांगा.