मॉड्युलर मदरबोर्डावर काम करताना या चुका टाळा

प्रोसेसर वेगळ्या मॉड्यूलवर; बस (भागांना जोडणारी डेटाची सामाईक वाट), फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आणि सिरियल पोर्ट खालच्या बोर्डावर. प्रोसेसर बदलला तरी बाकी सगळं तेच राहतं, ही या रचनेची खरी सोय. पण बोर्ड उठला नाही की बहुतेक जण आधी कोड उकरतात. माझा पहिला संशय जोडणीवर असतो.

पॉवर चालू ठेवून मॉड्यूल काढू-घालू नका. हे यूएसबी नव्हे. बसवताना सरळ दाबा. तिरकं हलवलं तर पिना वाकतात.

मॉड्यूलची जागा बदलली की त्याच्या मेमरीचे पत्तेही बदलतात. आर्म कंपनीच्या इंटिग्रेटर या विकास-बोर्डांच्या मालिकेत कोअर मॉड्यूल (प्रोसेसरची मॉड्यूल) एकावर एक रचता येतात. सगळ्यांना दिसणाऱ्या बसवर पहिल्याची एसडीरॅम (कामाची मेमरी) हेक्स (सोळा-आधारी) ८००००००० पासून, तर दुसऱ्याची ९००००००० पासून. पत्ता कोडमध्ये कायमचा लिहून टाकलात, तर जागा बदलताच प्रोग्राम भलत्याच मेमरीत लिहू लागतो.

सर्वांत जास्त वेळ खातो तो रीमॅप, म्हणजे एकाच पत्त्यावर दिसणारी मेमरी बदलणं. रीसेटनंतर शून्य पत्त्यावर बूट फ्लॅश किंवा रॉम दिसते. रीमॅप बिट लावल्यावर तिथेच रॅम येते. बूट कोड न चालवता डीबगरने (चिपमध्ये डोकावून चुका शोधणाऱ्या साधनाने) थेट शून्यावर प्रोग्राम चढवला, तर डाउनलोड सुरळीत झाल्यासारखं वाटतं, पण वाचून पाहिलं की जुनेच बाइट. आधी बिट लावा, मग चढवा. उलट बाजूची चूक अधिक फसवी: शून्याजवळच्या फ्लॅशमधून कोड चालू असतानाच बिट लावला, तर पुढची सूचना रॅममधल्या कचऱ्यातून उचलली जाते. म्हणून आधी फ्लॅशच्या मूळ पत्त्यावर उडी घ्यायची, मग बिट.

जेटॅगला (डीबगर ज्यातून चिपशी बोलतो त्या जोडणीला) कोअर सापडत नसेल तर तिच्यावर एकामागोमाग जोडलेल्या चिपांची साखळी मोजा. एफपीजीएचं (आतली रचना हवी तशी बदलता येणाऱ्या चिपचं) मॉड्यूल रचलं असेल तर तेही साखळीत येऊ शकतं, आणि डीबगरला प्रत्येकाच्या इन्स्ट्रक्शन रजिस्टरची (जेटॅगच्या आज्ञा घेणाऱ्या रजिस्टरची) लांबी ठाऊक हवी. आर्म७टीडीएमआय-एससारख्या कोअरवर जेटॅगचं घड्याळ कोअरच्या घड्याळाच्या एक षष्ठांशाहून कमी ठेवा. घाई असली तरी सुरुवात हळूच करा.

एका मॉड्यूलची एफपीजीए इमेज (चिपमध्ये भरायची रचना) एएसबी बससाठी आणि दुसऱ्याची एएचबी या वेगळ्या प्रकारच्या बससाठी असेल, तर कोड कितीही शुद्ध असो, काही चालणार नाही.

सिरियलवर काहीच दिसत नसेल तर टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची तार) अदलाबदल करून पाहा. अक्षरं चुकीची उमटत असतील तर बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) तपासा. आणि ३.३ व्होल्टचा सिग्नल १.८ व्होल्टच्या पिनेला लावण्याआधी मॉड्यूलची डेटाशीट उघडा. तिथे दुसरी संधी मिळेलच असं नाही.