मुलांसोबत कँडी बार्क करताय? या चुका टाळा

चॉकलेट वितळवायचं, ट्रेमध्ये पातळ पसरायचं, वरून आवडीचं काहीबाही भुरभुरायचं आणि घट्ट झालं की हाताने तोडायचं. कँडी बार्क म्हणजे एवढंच. बार्क म्हणजे झाडाची साल. तोडलेले वेडेवाकडे तुकडे सालीच्या कपच्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. साचा नको, मापात कापणं नको. मुलांना स्वयंपाकघरात आणायचं असेल तर याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही. मात्र घरी केलेलं बार्क बिघडतं त्यामागे बहुतेक वेळा पाणीच असतं, आणि मुलं आली की पाणी त्यांच्यासोबत येतंच.

ओला हात, ओला चमचा

माझी सहा वर्षांची भाची हात धुऊन आली आणि नळाखाली विसळलेला चमचा तिने थेट चॉकलेटमध्ये घातला. चकचकीत, धारेने पडणारं चॉकलेट दोन वेढ्यांत निस्तेज झालं, मग रवाळ, आणि बघता बघता चमच्याभोवती फिरणारा चिखलासारखा गोळा झाला. तिचा चेहरा एवढासा झाला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. हात धुऊन ये म्हणून सांगणारी मीच होते आणि पुसायला कोरडं फडकं मी ठेवलं नव्हतं.

चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्ध भागात, पसरलेले असतात. त्यात थेंबभर पाणी पडलं की साखर ओलसर होऊन चिकटते आणि कण एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी ढवळत राहून किंवा आणखी तापवून काही होत नाही. उलट कढत दूध किंवा क्रीम एकेक चमचा घालत ढवळा. थोड्या पाण्याने गोळा झालेलं चॉकलेट जास्त पाण्याने पुन्हा मऊ होतं. त्याचं बार्क आता होणार नाही, पण छान सॉस होतो. तो आइस्क्रीमवर घाला आणि बार्कसाठी नवं चॉकलेट घ्या.

म्हणून भांडी, चमचे, हात सगळं आधी कोरडं करून घ्या. लाकडी चमच्यात ओल राहते, त्यापेक्षा सिलिकॉनचा स्पॅचुला बरा. डबल बॉयलर, म्हणजे खाली गरम पाण्याचं भांडं आणि त्यावर चॉकलेटचं भांडं, वापरत असाल तर वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद हवं, म्हणजे वाफ कडेने आत शिरत नाही. त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका आणि वर झाकण ठेवू नका. एक गोष्ट हमखास राहून जाते: चॉकलेट ट्रेमध्ये ओतताना भांड्याच्या तळाला लागलेलं पाणी ओघळून त्यातच पडतं. आधी तळ पुसा, मग ओता.

पाणी इतर वाटांनीही येतं. साधे खाण्याचे रंग बहुधा पाण्यात कालवलेले असतात. चॉकलेटसाठी तेलात मिसळणारे रंग घ्या. ताज्या फळांना रस सुटतो, त्यांच्याऐवजी सुकवलेली फळं वापरा.

आच जास्त झाली तर

पांढऱ्या आणि मिल्क चॉकलेटमध्ये दुधाचा अंश असतो, त्यामुळे ती डार्कपेक्षा लवकर करपतात. मायक्रोवेव्ह अर्ध्या पॉवरवर ठेवा आणि दर 15-20 सेकंदांनी बाहेर काढून ढवळा. तुकडे आतून वितळले तरी वरून आकार तसाच धरून ठेवतात, म्हणून ‘अजून झालं नाही’ असं वाटून आपण पुन्हा तापवतो आणि तिथेच फसतो. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, ते आतल्या उष्णतेने विरघळतात. करपल्याचा वास आला असेल तर मात्र ते टाकूनच द्या.

पांढरे डाग, आणि बोटाला लागताच वितळणं

सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. बार्क घट्ट झालेलं दिसतं, पण तोडताना कट्‌ असा आवाज येत नाही, नुसतं वाकतं, आणि दुसऱ्या दिवशी वर राखाडी पट्टे येतात. ही बुरशी नव्हे, खायला काही हरकत नाही. कोको बटर अनेक प्रकारच्या स्फटिकांत घट्ट होतं आणि त्यातल्या एकाच प्रकाराने चमक आणि कुरकुरीतपणा येतो. तो मिळवण्याच्या पद्धतीला टेम्परिंग म्हणतात.

घरी सोपं पडतं ते असं: 300 ग्रॅम चॉकलेट असेल तर 200 ग्रॅम वितळवा, आचेवरून उतरवा आणि उरलेलं 100 ग्रॅम बारीक चिरून त्यात ढवळत राहा. न वितळलेल्या चॉकलेटमधले चांगले स्फटिक बाकीच्यांना वळण लावतात. डार्क 31-32 अंश सेल्सिअसवर, मिल्क 29-30 वर आणि पांढरं 28-29 वर आलं की तयार. थर्मामीटर नसेल तर सुरीच्या टोकावर थोडंसं घेऊन बाजूला ठेवा. पाचेक मिनिटांत चमकदार आणि घट्ट झालं तर पसरायला घ्या.

मुलं अगदी लहान असतील तर पहिल्या वेळी मी कंपाउंड चॉकलेटच सुचवेन. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे टेम्परिंग लागत नाही. चव थोडी उणी असते, पण मुलांना ढवळू देऊन आपण निवांत उभं राहू शकतो. मात्र एकाच भांड्यात दोन्ही मिसळू नका. ती तेलं एकमेकांत नीट जमत नाहीत आणि बार्क मऊ राहतं.

वरची सजावट

चॉकलेट वितळवण्याआधीच सगळ्या वाट्या भरून ओळीने मांडून ठेवा. टेम्पर केलेलं चॉकलेट भराभर घट्ट होतं, मुलं डबे उघडेपर्यंत थांबत नाही. मग दाणे वर नुसते बसतात आणि तोडताना गळून पडतात. टाकलं की तळव्याने हलकं दाबायचं, हे काम मुलं फार मन लावून करतात. सुकामेवा भाजला असेल तर पूर्ण गार होऊ द्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा टणक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. भरड कूट घाला. कुणाची मुलं येणार असतील तर शेंगदाणे, दूध यांची ॲलर्जी आहे का, हे त्यांच्या पालकांना आधीच विचारा.

दोन रंगांचे थर करताना खालचा थर दगडासारखा होऊ दिला तर वरचा त्यापासून सुटून येतो. बोट लावल्यावर चिकटत नाही, पण अजून मऊ आहे, अशा वेळी दुसरा ओता.

गार करणं आणि तोडणं

चार-पाच मिलिमीटर जाडी पुरे. 250 ग्रॅम चॉकलेट साधारण 20 बाय 25 सेंटिमीटरवर तेवढं पसरतं. खाली बटर पेपर घाला, नाहीतर ट्रेला चिकटून बसेल. फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. फार गार झालेलं बार्क बाहेर काढलं की त्यावर दव धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरं पुट येतं. इथेही पुन्हा पाणीच!

तोडण्याचं काम पूर्णपणे मुलांचं. त्यांचे हात गरम असतात, म्हणून कागदासकट धरून तोडायला सांगा, बोटांचे ठसे उमटत नाहीत. तुकडे हवाबंद डब्यात, थंड आणि कोरड्या जागी, मसाल्यांपासून लांब ठेवा. चॉकलेट आजूबाजूचा वास पटकन धरतं. कागदावर उरलेला चुरा गरम दुधात घालून मुलांना द्या.