खंजिरीच्या भजनाला गिटार कशी लावावी

भजनाला गिटार म्हटली की हात आधी सिनेमातल्या कॉर्डकडे, म्हणजे एकदम छेडलेल्या तीन-चार सुरांकडे जातो आणि तिथंच बिघडतं. कॉर्डमध्ये गंधार (ग) असतो. चाल कोमल गंधारावर गेली आणि खाली शुद्ध वाजत राहिला, की कानाला टोचतं. एकतारीचं तसं होत नाही. ती फक्त सूर धरते, म्हणून कुठलीही चाल तिच्यावर बसते. गिटारकडूनही तेच करून घ्यायचं.

सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून डी या सुरावर (डी म्हणजे इथं आपला सा) आणा. डीच्याही थोडं खाली उतरवून मग चढवत आणा. नुसती उतरवून सोडली तर खुंटीच्या चाकात ढिलेपणा राहतो आणि दोन कडव्यांत तार आणखी उतरते. सातव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) दाबलेली सहावी आणि मोकळी पाचवी एकाच सुरात आली पाहिजे.

आता सहावी, पाचवी, चौथी मोकळी छेडा: सा, प, सा. वर तिसरीचा दुसरा आणि दुसरीचा तिसरा फ्रेट दाबा, पहिली तार टाळा. ओळ मध्यमावर थांबत असेल तर एकाच बोटानं सहावी-पाचवीचा पाचवा फ्रेट दाबून चौथी-तिसरी मोकळी सोडा. पंचमासाठी पाचवी मोकळी, चौथी-तिसरीचा दुसरा फ्रेट, सहावी अजिबात नाही. ती चुकून वाजली की सगळं गढूळ होतं.

ही झाली पांढरी दोन, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीवर सा. गाणारा काळी दोनमध्ये असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. काळी एक हवी असेल तर कॅपो नको, सगळ्याच तारा अर्ध्या सुरानं उतरवा. आणि मंडळासोबत बसताना मोबाइलचा ट्यूनर खिशातच ठेवा. देवळातली जुनी पेटी कधीची सरकलेली असते. पेटीवर पट्टीचा सा दाबून धरा, चौथी तार त्याला मिळवा, बाकीच्या तिच्यावरून लावा.

ठेका बहुधा आठ मात्रांचा केरवा. एकवर अंगठ्यानं खर्जाची तार, तीन आणि सातवर बोटांनी वरच्या तारा. पाचव्या मात्रेवर 'खाली' (ठेक्याची हलकी, बिनजोराची जागा) असते, तिथं तळहात तारांवर टेकवून आवाज मारा. खंजिरीच्या घुंगरांना तेवढीच जागा लागते. तिथंही झोडपत राहिलं तर खंजिरीवाला वैतागणारच.

सुरुवातीला गाडगेबाबांची 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' ही धून घ्या. शब्द थोडे, आवर्तनं भरपूर, त्यामुळे लक्ष हातावर राहतं. मग तुकडोजी महाराजांचं 'या झोपडीत माझ्या'. नवं भजन निवडताना धृपद गुणगुणून पाहा: ओळीचा शेवट सा किंवा पंचमावर येत असेल तर मोकळ्या तारा आपोआप घुमतात. दर मात्रेला सूर बदलणारी लावणी मात्र या जुळणीत लंगडी पडते.

एप्रिल-मेमध्ये पारा 45 वर गेला की लाकूड आटतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटं कापतात, तारा खाली बसून खरखरतात. गिटार टिनाखालच्या भिंतीवर टांगू नका, खोक्यात घालून पलंगाखाली ठेवा. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, पण पिळून काढलेला स्पंज घालून ती खोक्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी ओलवा. कूलरसमोर तर गिटार नकोच: दिवसा ओल, लाइट गेली की कोरड, आणि या ओढाताणीत पुलाचा (खाली तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीचा) डिंक सुटतो. पावसाळा लागला की स्पंज काढून टाका.