फाइल दुप्पट केली, पण दुप्पट झालं काय?

प्रोफाइलर (कोडचा कुठला भाग किती वेळ खातो ते सांगणारं साधन) लावणं, त्याचा फ्लेमग्राफ नावाचा आलेख वाचणं तुम्हाला येत असणारच. नव्या माणसाची दमछाक होते ती पुढे. टेस्टिंगला पळणारा कोड खऱ्या डेटावर बसकण मारतो आणि प्रोफाइलरमध्ये वावगं काहीच दिसत नाही.

प्रोफाइलर बोलतो ते खरंच, पण एका आकारापुरतं. समजा, फाइल वाचायला ९५ मिलिसेकंद लागतात आणि दुबार नोंदी शोधायला ५. वाचन डेटाच्या प्रमाणात वाढतं, शोध डेटाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे डेटा दुप्पट तर वेळ चौपट. डेटा शंभरपट झाला की वाचनाला साडेनऊ सेकंद लागतील आणि शोधाला पन्नास.

जीटीए ऑनलाइन हा गेम आठवा. २०२१ मध्ये एका खेळाडूने त्याचं लोडिंग उलगडून पाहिलं. सुमारे १० एमबीच्या जेसॉनमध्ये (डेटा मजकुराच्या रूपात ठेवणारी फाइल) ६३ हजार नोंदी होत्या, आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या सगळ्यांशी ताडून बघितली जात होती. म्हणजे जवळपास १९८ कोटी तुलना! यादी सहाशेची असती तर हाच आकडा १ लाख ८० हजारांवर थांबला असता आणि कोणाला काही जाणवलंही नसतं. हे आणि जेसॉन वाचण्यातला असाच एक दोष काढल्यावर त्याच्याकडे सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने त्याला १० हजार डॉलर दिले.

म्हणून एकदा मोजून थांबू नका. इनपुट दुप्पट करत जा आणि वेळेचं गुणोत्तर बघा. २ च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा, ४ कडे सरकलं तर वर्ग आहे. अगदी छोट्या आकारांवर विश्वास ठेवू नका, तिथे प्रोग्राम सुरू व्हायचाच खर्च मोठा असतो.

आता ज्या खड्ड्याने मला रडवलं तो. मोठी फाइल हवी म्हणून हजार ओळींचीच फाइल पुन्हापुन्हा जोडून लाख ओळींची केली. गुणोत्तर आलं सुरेख २. खऱ्या डेटावर मात्र तोच कोड चौपटीने फुगायचा. कोड प्रत्येक ओळीतला ग्राहक क्रमांक आधी दिसलेल्यांच्या लिस्टमध्ये शोधत होता, नसला तर जोडत होता. त्याच त्या ओळी परत आल्या की लिस्ट हजाराच्या पुढे जातच नाही. ओळी शंभरपट झाल्या तरी दर ओळीमागचा शोध तेवढाच राहतो, आणि आलेख सरळ रेषेत येतो. खरे ग्राहक वेगवेगळे असतात, त्यामुळे लिस्ट ओळींबरोबर लांबत जाते. ओळी वाढवणं वेगळं आणि वेगळ्या नोंदी वाढवणं वेगळं, हे डोक्यात पक्कं करा. ओळी, वेगळे ग्राहक, एका ग्राहकाचे व्यवहार, यांतलं एका वेळी एकच दुप्पट करा, बाकीचं स्थिर ठेवा. डेटाचा क्रमही बघा: पहिला घटक पिव्हट (बाकीचे ज्याच्याशी ताडायचे तो) धरणारा क्विकसॉर्ट, म्हणजे क्रम लावायची एक पद्धत, विस्कळीत डेटावर छान धावतो आणि आधीच क्रमाने लावलेल्या डेटावर वर्गात जातो.

कोडवर नजर टाकून बिग-ओ (डेटा वाढला की काम कशा प्रमाणात वाढतं ते) सांगणाऱ्या सीनियरपेक्षा चार आकार मोजून तक्ता पुढे ठेवणारा सीनियर धरा, असं माझं ठाम मत आहे. पायथनमध्ये लिस्टवरचा 'इन' दोन अक्षरांचा दिसतो, पण आत अख्खी लिस्ट चाळू शकतो. नजरेतून तो सहज निसटतो.

घाबरू मात्र नका. दुरुस्ती बहुतेकदा छोटी असते, इथे लिस्टच्या जागी सेट (यात शोधायला सगळं चाळावं लागत नाही) टाकला की काम झालं. आणि लॅपटॉपवर वेळेचे आकडे हेलकावे खात असतील तर वेळ सोडा, तुलना मोजा. लूपमध्ये एक काउंटर ठेवा. त्याच इनपुटला तो त्याच कोडमध्ये दरवेळी तोच आकडा देतो, मागे ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या असल्या तरी.