माशीची अडकलेली पिन काढायला बसण्यापूर्वी

पोळ्याच्या आसपास क्लबातल्या जुन्या एअर रायफली एकेक करून माझ्या बाकावर यायला लागतात. तक्रार बहुतेक एकच असते: माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साइट, वाकडी झालीय, बदलायचीय, पण तिला धरणारी पिन निघत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात भोकातलं होतं नव्हतं ते तेल वाळून जातं आणि जूननंतर त्याच कोरड्या भोकात ओल शिरते. वर आधी कोणीतरी खिळा धरून दोन-चार घाव घातलेले असतात, म्हणजे पिनेचं डोकं पसरून भोकाच्या कडेवर बसलेलं. अशी पिन काढायची तर तासातली पन्नास मिनिटं तयारीत जाऊ द्यावीत.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे का ते बघायचं. डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही. स्प्रिंगची असेल तर कॉक केलेली, म्हणजे स्प्रिंग ताणून ठेवलेली, नाही ना, पीसीपी (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) असेल तर सिलिंडर काढून बाजूला ठेवलाय ना. त्यात 200 बारपर्यंत हवा असते. आणि हे सगळं 4.5 मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या भोकाचा व्यास), छऱ्याची ताकद 20 जूलच्या आत असलेल्या एअर रायफलीपुरतं. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार तिला परवाना लागत नाही. परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीचा परवाना असलेल्यानेच करायची असते, तिथे आपण फक्त नेऊन द्यायचं.

मग पिन कोणती आहे ते ओळखायचं. यात घाई केली की पुढचं सगळं चुकतं. साधी भरीव पिन दोन्ही टोकांना सारखी असते. स्प्रिंग पिन पोकळ असते, तिच्या अंगावर लांबीभर एक फट दिसते. तिसरी टेपर पिन, एका टोकाकडे किंचित निमुळती, आणि तीच खरी लबाड. मेट्रिक टेपर 1:50 चा, म्हणजे 20 मिलिमीटर लांबीत दोन टोकांत फरक जेमतेम 0.4 मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. टोकं रॉकेलच्या चिंधीने पुसा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, भिंग धरा आणि दोन्हीकडे व्हर्नियर (जाडी मोजायचा कॅलिपर) लावा. 2.9 आणि 3.3 असं काही आलं, तर घाव 2.9 च्या बाजूने. उलट बाजूने ठोकाल तितकी ती घट्ट बसत जाईल, आणि मग लोक म्हणतात, काय गंजलीय बापा! अमेरिकन एआर-15 च्या पुढच्या साइटच्या पिना अशाच टेपर असतात आणि डावीकडून उजवीकडे निघतात. पण तो नियम दुसऱ्या रायफलीला लावू नका, दर वेळी मोजा.

पंच, म्हणजे पिनेवर धरून ठोकायची पोलादी कांडी, घ्यायला मी इतवारीत लोहा ओळीत जातो, खिशात व्हर्नियर घेऊन. सेटच्या डबीवरचा आकडा आणि पंचाचं खरं माप यांचं जमेलच असं नाही. पंच पिनेपेक्षा किंचित बारीक हवा, 0.1 ते 0.2 मिलिमीटरने. इथे इंच-मिलिमीटरचा घोळ होतो. एक-अष्टमांश इंची पिन 3.18 मिलिमीटरची, तिला 3 चा पंच छान चालतो. तीन-बत्तिसांश इंची मात्र 2.38 ची, 2 चा पंच घसरतो आणि 2.5 चा भोकातच अडकतो. मी 2.5 चा पंच लेथवाल्याकडून घासून 2.25 करून घेतलाय. टोक निळं पडू न देता, हे सांगून. निळं पडलं की पंचाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला.

पंच दोन लागतात, एक नाही. पहिला आखूड आणि मुळाशी जाड, फक्त पिन हलवण्यापुरता. लांब बारीक पंचाने पहिला घाव घातला की तो वाकतो. पिन दोन-तीन मिलिमीटर सरकली की मग लांब पंच. स्प्रिंग पिनेसाठी टोकावर छोटा गोल उंचवटा असलेला वेगळा पंच येतो. तो उंचवटा पोकळीत बसतो आणि घाव कडेवर पडतो. सुरुवातीला मी हे पैसे वाचवले होते. हाताशी होता तो बारीक पंच धरला, तो पोकळीत घुसला आणि पिन आतून फाकून पाचरीसारखी आवळली. शेवटी ड्रिल करावी लागली.

पितळी पंचाचं लोकांना फार कौतुक. डवटेलमध्ये (तळाशी रुंद, वर अरुंद अशा खाचेत) बसवलेली साइट सरकवायला पितळच हवं, पोलादावर ओरखडा येत नाही. पण हट्टी पिनेला ते कुचकामी. टोक चेपतं, झालर येते, अर्धा घाव तिथेच जिरतो. पिनेला कडक पोलादी पंच आणि हातोडी पितळी, दोनेकशे ग्रॅमची.

आधाराला सागवानाचा ठोकळा. त्यात नळीपुरती व्ही आकाराची खाच, आणि पिन पडेल तिथे पिनेपेक्षा मोठं भोक. आधार थेट माशीच्या बुडाखाली हवा. नळी हवेत लोंबत असेल तर घाव पिनेला न लागता नळीलाच झोका देतो. ठोकळा गादीवर, मांडीवर नको. खाली जड टेबल.

तेल आदल्या रात्रीच सोडायचं, दोन्ही टोकांना एकेक थेंब, सकाळी पुन्हा एकेक. पिनेला लाल लॉकटाइट (स्क्रू-पिना पक्क्या धरणारा गोंद) लावलंय असा संशय असेल तर ते सुटायला साधारण 250 अंश सेल्सिअस उष्णता लागते. एअर रायफलीवर हे मी करत नाही, जवळचे रबरी सील आधी जातात.

एवढं करून दहा नेटके घाव पडले आणि पिन तसूभरही हलली नाही, तर हातोडी ठेवा. सी क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा सी आकाराचा चाप) घ्या. एका बाजूला पिनेवर आखूड पंचाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला पिन आत शिरेल असा पोकळ पान्याचा सॉकेट, आणि हळूहळू आवळा. पुष्कळदा "टक्" असा आवाज येतो आणि पिन सुटते. त्यानेही नाही झालं तर हिंगणा एमआयडीसीत मिलिंग मशीनवाला गाठायचा. हातातल्या ड्रिलचा बिट कडक पिनेवरून घसरून बाजूच्या मऊ धातूत घुसतो.

चष्मा, चुंबक लावलेली ताटली आणि माशीची मूळ जागा दाखवणारी पेन्सिलची रेघ, हेही आधीच. निघालेली पिन काडेपेटीत घालून वर माप आणि बाजू लिहून ठेवा. स्प्रिंग पिन असेल तर नवीन दोन आणा, एक नक्की बाकाखाली जाते.