आवराआवर करायची तर आधी माळ्यावर चढा

साधं राहायचं ठरवलं की माणसं आधी दुकानात जाऊन एकसारखे डबे आणतात. तेवढं करू नका. मी एसटीच्या हिशेब खात्यात नोकरी केली. खर्च कमी करण्यासाठी नवा खर्च मांडणारे पुष्कळ पाहिलेत.

सुरुवात माळ्यापासून करा. तिथलं सामान डोळ्यांआड असतं, म्हणून जीव कमी अडकतो. आमच्या माळ्यावर आहेरातली ताटं, पितळेचा बंब, दोन घंगाळी आणि पंगतीची पातेली होती. घरात आम्ही दोघंच. काय ठेवायचं हे ठरवताना मी एवढंच विचारते: ही वस्तू माझ्याकडून काय काम करून घेते? पितळ चिंचेनं घासायचं, पातेल्यांना कल्हई करायची, रेशमी साड्यांच्या घड्या मोडायच्या. ज्याची एवढी सेवा हौसेनं होते ते राहू दे. बंब मोडीत गेला. (दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि वजन होताना काट्यापाशी उभ्या राहा.) सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या, सिंथेटिक बोहारणीला दिल्या. बदल्यात तिनं पातेलं पुढे केलं, तेव्हा हात आखडता घ्यावा लागला!

बँकेच्या खात्यांचा पसारा दिसत नाही, पण डोक्याला ताप त्याचाच जास्त. नोकरीतलं पगाराचं, जुन्या गावातलं, कधीतरी कुणाच्या आग्रहाखातर काढलेलं. बंद करण्याआधी त्यात गॅसचं अनुदान, पेन्शन, विम्याचा हप्ता असं काही जोडलेलं आहे का पाहा. ते दुसरीकडे वळवा, तिकडे ते नीट सुरू झाल्याची पासबुकात खात्री करा, मगच उरलेले चेक आणि कार्ड घेऊन शाखेत जा. दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच पडलं की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, बँकेकडून परत मागता येते. अशा ठेवी शोधायला 2023 पासून ‘उद्गम’ पोर्टल आहे. मात्र साधेपणाच्या नादात सगळी पुंजी एका बँकेत ठेवू नका. बँक बुडाली तर ठेव विमा एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच मिळतो, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तर तेवढाही नाही. आम्ही दोन बँका ठेवल्या. नॉमिनीचं नाव दोन्हीकडे तपासून घेतलं.

ह्यांच्या अवजारांच्या पेटीला मी हात लावलेला नाही. गंजके स्क्रू कशाला लागतात हे मला कळत नाही, पण दुसऱ्याच्या वस्तू आवरायला गेलं की समाधान राहतं बाजूला आणि घरात अबोला सुरू होतो.

एवढं करून संक्रांत येते. हळदीकुंकवाला दहा घरी जा, दहा प्लास्टिकच्या वाट्या घरात येतात. वाण नाकारणं बरं दिसत नाही. म्हणून मीच आधी गूळ आणि शेंगदाण्यांच्या पुड्या लुटायला लागले, आणि जवळच्या मैत्रिणींना फोनवर सांगून टाकलं की मला खायचं काहीतरी द्या. सुरुवातीला थोडी कुजबुज झाली. आता आमच्या बिल्डिंगमध्ये हरभऱ्याची डाळ, पोहे असं वाण फिरतं. वाट्या फक्त तळमजल्यावरून येतात.